सेल्युलाइट (मांड्या, नितंब अशा ठिकाणी त्वचेवर दिसणारे खळगे) किती तीव्र आहे, हे नुसतं बघून ठरवता येतं का?

हो, येतं. त्वचारोगतज्ज्ञही मुख्यतः बघूनच ठरवतात, फक्त ठरलेल्या मोजपट्टीने. सर्वात सोपी पद्धत न्यूर्नबर्गर आणि म्युलर यांची, 1978 ची:

0 – उभं राहून, झोपून किंवा चिमटीत धरूनही खळगे नाहीत
1 – फक्त चिमटीत धरल्यावर दिसतात
2 – उभं राहिल्यावर आपोआप दिसतात, आडवं झाल्यावर जातात
3 – झोपल्यावरही दिसतात

पण यात दोन खळगेवाली आणि पंधरा खळगेवाली एकाच पायरीवर येऊ शकते. म्हणून 2009 मध्ये हेक्सेल आणि सहकाऱ्यांनी पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 3 गुण दिले: खळग्यांची संख्या, त्यांची खोली, पृष्ठभागाचा उंचसखलपणा, त्वचेचा सैलपणा आणि आधीच्या पद्धतीतली पायरी. बेरीज 1 ते 5 सौम्य, 6 ते 10 मध्यम, 11 ते 15 तीव्र. संख्येचे गुणही मोजून द्यायचे: 1 ते 4 खळग्यांना एक, 5 ते 9 ना दोन, 10 किंवा जास्त असतील तर तीन. उपचाराआधी आणि नंतर तुलना करायची असेल, तर माझ्या मते हीच वापरावी.

मात्र प्रकाशाने फार फरक पडतो. वरून किंवा बाजूने तिरपा प्रकाश आला की तेच खळगे खोल दिसतात, समोरून फ्लॅश मारला की जवळजवळ गायब होतात. त्यामुळे दोन्ही वेळचे फोटो एकाच प्रकाशात, एकाच अंतरावरून, स्नायू सैल सोडून उभं राहून काढा, आणि शक्यतो गुण दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगा.