अलामोच्या लढ्यात गुलाम कुठे होते?

प्रश्न : मुलाकडे टेक्ससला गेलो होतो तेव्हा सॅन अँटोनियोचा अलामो, १८३६ च्या लढाईचा किल्ला, पाहिला. मेक्सिकोच्या जुलमाविरुद्ध प्राण देणाऱ्यांची गाथा ऐकून भारावून गेलो. इथे परतल्यावर भाचा म्हणतो, तो लढा गुलाम राखण्यासाठी होता. टेक्ससचा १८३६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, त्यात काळ्या गुलामांचा उल्लेखही नाही. खरे काय मानायचे?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : जाहीरनाम्यात ते सापडणार नाही. तो जाहीरनामा काढणाऱ्या सभेनेच मार्च १८३६ मध्ये केलेली टेक्ससची राज्यघटना उघडा आणि सर्वसाधारण तरतुदींतले नववे कलम वाचा. गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार संसदेला नाही. खुद्द मालकालाही संसदेच्या संमतीशिवाय आपला गुलाम मुक्त करता येत नाही, करायचाच तर त्याला देशाबाहेर पाठवावे लागते. स्वतंत्र आफ्रिकी माणसालाही संमतीशिवाय तिथे कायमचे राहता येत नाही. नवे राष्ट्र उभे करताना इतक्या काटेकोरपणे जे बांधून घेतले, ते किरकोळ कसे म्हणावे?

त्याआधीची पंधरा वर्षे पाहिली की याचे कारण कळते. टेक्सस तेव्हा मेक्सिकोत होते. तिथे अमेरिकेतून माणसे आणून वसवणाऱ्या स्टीफन ऑस्टिनने १८२१ मध्ये या वसाहतवाल्यांना देऊ केलेल्या जमिनीत प्रत्येक गुलामामागे ८० एकर जादा होते. ब्राझोस नदीकाठची कापसाची शेती याच हिशेबावर उभी राहिली. टेक्सस ज्यात होते त्या मेक्सिकन प्रांताच्या १८२७ च्या घटनेने गुलामांची पुढे जन्मणारी मुले स्वतंत्र ठरवली आणि सहा महिन्यांनंतर नवे गुलाम आणायला बंदी केली. त्यावर पळवाट निघाली. परदेशात झालेले मजुरीचे करार १८२८ च्या कायद्याने मान्य केले. मग सरहद्द ओलांडण्याआधीच गुलामाकडून करार करून घ्यायचा : त्याची स्वतःची किंमत हेच त्याचे कर्ज, त्यात प्रवासखर्च, वरून कपड्यांचा खर्च, आणि मजुरी इतकी तुटपुंजी की कर्ज फिटूच नये. मुदत ९९ वर्षे. आपल्याकडच्या सालगड्याचा करार पाडव्याला संपतो. इथे माणूस संपला तरी करार उरे, कारण मुलेही त्यात बांधलेली असत. १८३२ मध्ये प्रांताने ही मुदत दहा वर्षांवर आणली, तेव्हा वसाहतवाल्यांची अस्वस्थता वाढली.

मेक्सिकोची बाजूही स्वच्छ समजू नका. स्वतः आफ्रिकी वंशाचे असलेले राष्ट्राध्यक्ष गेरेरो यांनी सप्टेंबर १८२९ मध्ये गुलामगिरी रद्द केली, पण डिसेंबरात टेक्ससला सूट देऊन टाकली.

भाच्याचे म्हणणे मात्र एका जागी अपुरे पडते. मेक्सिकोचा राष्ट्राध्यक्ष सांता आना याने १८२४ ची संघराज्य घटना मोडली, तेव्हा गुलामांचा प्रश्न जिथे नव्हता ते मेक्सिकोतले साकातेकास राज्यही १८३५ मध्ये उठले. टेक्ससच्या बाजूने लढलेले हुआन सेगिन मेक्सिकन वंशाचेच होते. त्यामुळे सत्तेच्या केंद्रीकरणाचा राग खरा होता. पण इंग्रजी बोलणाऱ्या वसाहतवाल्यांसाठी ‘आमचे हक्क’ या शब्दांत गुलामांची मालकी सामावलेली होती, हे वगळून तो राग समजत नाही. निकालही पाहा : १८३६ च्या सुमारास तिथे पाचेक हजार गुलाम होते, १८६० च्या जनगणनेत १,८२,५६६.

अलामोचा सेनानी ट्रॅव्हिस याचा ‘जो’ नावाचा गुलाम त्या लढाईतून वाचला. तिथे काय घडले, हे नव्या सरकारने त्याच्याच तोंडून ऐकले आणि मग त्याला ट्रॅव्हिसच्या मालमत्तेत परत जमा केले. टेक्ससने मेक्सिकोला हरवले त्या सॅन हासिंतोच्या विजयाला वर्ष झाले त्या दिवशी, २१ एप्रिल १८३७ ला, तो पळाला. त्याला धरून आणणाऱ्यास ५० डॉलर इनाम जाहीर झाले.