मायनरला शिक्षणशास्त्र जरूर घे, पण ऑफिसच्या तोंडी शब्दावर थांबू नकोस

तुझी पोस्ट वाचली. तुला ‘तू’च म्हणते, माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुली आता तुझ्याच वयाच्या आहेत. सांगलीत बी.ए.ला आहेस, मेजर म्हणजे मुख्य विषय भूगोल, मायनरला म्हणजे जोडविषय म्हणून शिक्षणशास्त्र घ्यायचंय, पुढं बी.एड. करून शिक्षिका व्हायचंय. वडील जतहून म्हणतात, बी.एड.ला तेच शिकायचं तर आत्ता कशाला. आणि कॉलेजच्या ऑफिसनं सांगितलंय, सॉफ्टवेअरमध्ये तो विषय दिसत नाही, आत्ता समाजशास्त्र टाक, मागाहून बदलून देऊ.

बाकीच्या प्रश्नांकडं नंतर येते. समाजशास्त्र टाकू नकोस. ‘मागाहून बदलून देऊ’ या आश्वासनात माझं एक अख्खं वर्ष गेलंय, म्हणून इतकं ठाम सांगतेय.

आमच्या वेळी मेजर-मायनर नव्हतं. ऐच्छिक विषय असायचे, त्यात मी इतिहासाच्या जोडीला शिक्षणशास्त्र घेतलेलं. दुसऱ्या वर्षाचा परीक्षा फॉर्म ऑफिसनं भरला आणि त्यावर कोड पडला समाजशास्त्राचा. हॉलतिकिटावर ते दिसल्याबरोबर खिडकीवर गेले. तिथल्या क्लार्कनी पेनानं विषय खोडून शिक्षणशास्त्र लिहिलं, गोल शिक्का मारला आणि म्हणाले, “जा, बस पेपरला, वर आम्ही कळवतो.” पेपर दिला. निकालात समाजशास्त्रापुढं ‘गैरहजर’! दुरुस्तीचा अर्ज केला, पोच मागितली, तर म्हणाले, “आमच्यावर विश्वास नाही का? साहेबांची सही झाली की उद्याच्या टपालात जातोय.” तो अर्ज कधीच गेला नाही. पुढच्या वर्षी त्या क्लार्कचं टेबल बदललं. नव्या माणसानं आवक रजिस्टर माझ्यासमोर उघडलं, त्यात माझ्या अर्जाची नोंदच नव्हती. विद्यापीठात म्हणाले कॉलेजचं पत्र आणा, आणि ते नियमाला धरूनच होतं. कॉलेज म्हणायचं, आमच्याकडं तुझा अर्जच नाही, पत्र कशाच्या आधारावर देऊ. तिसरं वर्ष पास झाले तरी मागचा विषय अडकलेला, त्यामुळं पदवीचा निकाल राखून ठेवला. बी.एड.च्या प्रवेशफेऱ्या डोळ्यांदेखत संपल्या. सीईटीला मार्क चांगले होते, ते वाया गेले.

प्रश्न सुटला तो विषयाच्या मॅडममुळं. त्यांनी त्या पेपरचा हजेरीपट शोधायला लावला. त्यावर माझा बैठक क्रमांक, उत्तरपत्रिकेचा नंबर आणि माझी सही होती. त्या एका कागदावर काम झालं. म्हणजे पुरावा पहिल्या दिवसापासून त्याच इमारतीत होता, कुणीतरी उठून कपाट उघडायचं तेवढं बाकी होतं. मला त्याचा राग आजही आहे. गावाकडून आलेल्या मुलीला संध्याकाळची एसटी गाठायची असते, ती भांडत बसणार नाही, हे खिडकीपलीकडच्या माणसाला पक्कं ठाऊक असतं. म्हणून तिला ‘उद्या ये’ सांगणं सगळ्यात सोपं. सगळी ऑफिसं अशी नसतात. पुढं मला फार चांगली माणसंही भेटली. पण तुझ्या पोस्टमधलं वाक्य जवळपास तेच आहे.

म्हणून प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिही: मला मायनर म्हणून शिक्षणशास्त्र हवं आहे, प्रणालीत विषय दिसत नाही, तो उपलब्ध करून द्यावा किंवा उपलब्ध नसल्यास तसं लेखी कळवावं. दोन प्रती काढ. एक त्यांना दे, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घे. पोच मागण्यात उद्धटपणा काही नाही. नाहीच दिली तर तोच अर्ज स्पीड पोस्टनं पाठव, कॉलेजच्या अधिकृत ईमेलवरही टाक आणि पावती जपून ठेव. विषयाच्या प्राध्यापकांना आधी भेट. ऑफिसला जे दिसत नाही ते बहुतेक वेळा विभागाला माहीत असतं. आता तुमच्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, म्हणजे पास झालेल्या विषयांचे क्रेडिट (श्रेयांक) जमा होणारं ऑनलाइन खातं. प्रत्येक सत्राचा निकाल लागला की डिजीलॉकरमध्ये जाऊन कोणत्या विषयाचे किती क्रेडिट जमा झाले ते बघ आणि लगेच पीडीएफ उतरवून ठेव. आम्हाला घोळ निकालाच्या दिवशी कळायचा. तुम्हाला तो सत्रागणिक पकडता येतो.

आता वडिलांचा मुद्दा. तो अर्धा बरोबर आहे. मायनरमुळं बी.एड. कमी होत नाही, ते दोन वर्षांचंच राहतं, आणि मायनर ही शिक्षक होण्याची पात्रताही नव्हे. राज्याच्या 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयात तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132 क्रेडिट धरलेत, त्यात मायनरचे 18 ते 20. तेवढ्यानं कुणी शिक्षक होत नाही.

पण ते फुकट जातं हे मला अजिबात मान्य नाही. त्या अडकलेल्या वर्षी मी साखर कारखान्यावरच्या साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या मुलांच्या शाळेत, शिकवत होते. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातला तिसरीचा एक मुलगा 47 अधिक 38 चं उत्तर 715 लिहायचा. रोज तेच. सोबतचे गुरुजी लाल रेघ मारून वही परत द्यायचे. आम्हाला शिक्षणशास्त्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवलेली, की मुलाच्या चुकीमागंही त्याचा विचार असतो, तो आधी शोधायचा. त्याला शेजारी बसवून विचारलं, कसं केलंस? “सात न् आठ पंधरा, चार न् तीन सात.” त्याच्या हिशोबात काही चुकलेलं नव्हतं, त्यानं दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली एवढंच. मग विचारलं, आईनं 47 मोळ्या बांधल्या आणि बाबांनी 38, तर किती? वर न बघता म्हणाला, “पंच्याऐंशी.” मग काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधले. पंधरा सुट्या काड्यांतून एक जुडगा तयार होऊन शेजारच्या घरात जातो हे त्यानं स्वतः करून पाहिलं, आणि हातचा त्याला कळला. शिक्षणशास्त्र आधी शिकलेलं नसतं तर मीही लाल रेघच मारली असती.

बी.एड.च्या दोन वर्षांत टाचणं, सराव पाठ, इंटर्नशिप आणि फायली यांत वाचायला सवड कमी मिळते. माझं मत असं, की मूल कसं शिकतं आणि शाळा कुणासाठी चालते हे प्रश्न विसाव्या वर्षी, परीक्षेच्या दडपणाशिवाय मनात यावेत. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढं दिलेलं निवेदन मी बी.ए.लाच वाचलं. किमान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी त्यात आहे. आपल्याकडं सहा ते चौदा वयाचा हक्क कायद्यानं प्रत्यक्षात आला 1 एप्रिल 2010 ला. मधल्या काळाचा विचार करायला लागलीस की वर्गातला गळणारा मुलगा तुला वेगळा दिसेल.

आपल्या भागात तर या विषयासाठी लांब जायला नको. क्षेत्र प्रकल्प करायचा असेल तर कर्मवीर भाऊरावांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था जिथं सुरू केली ते काले कराड तालुक्यात आहे, सावित्रीबाईंचं नायगाव खंडाळा तालुक्यात, आणि 7 नोव्हेंबर 1900 ला बाबासाहेबांचं नाव ज्या शाळेत घातलं ते प्रतापसिंह हायस्कूल साताऱ्यात. पण नुसते फोटो लावून प्रकल्प करू नकोस. जतकडच्या तुझ्याच गावातली शाळा व्यवस्थापन समितीची बैठक बघ. कायद्यानं तीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला लागतात. प्रत्यक्षात कोण येतं, कोण बोलतं, कुणाच्या घरी फक्त सहीला रजिस्टर जातं ते लिहून काढ. यातून जो प्रकल्प होईल तो तुझा स्वतःचा असेल.

एक सावधगिरी. मेजर भूगोलच ठेव, उलटापालट करू नकोस. माध्यमिक शाळांत जागा निघतात त्या शालेय विषयांच्या, आणि बी.एड.ला अध्यापन पद्धतीही पदवीच्या विषयावर बेतलेली असते. शिक्षणशास्त्र शाळेत शिकवत नाहीत. अकरावी-बारावीला कला शाखेत तो आहे, पण ठेवणारी कॉलेजं मोजकी. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर रस्ता वेगळा: सर्वोच्च न्यायालयाच्या 11 ऑगस्ट 2023 च्या निकालानं बी.एड. तिथं चालत नाही, डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकांची पदविका लागते. पहिली ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, मात्र द्यावीच लागेल, आणि तिथं मायनरचा थेट फायदा आहे. दोन्ही पेपरांत 150 पैकी 30 गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे असतात. क्लासवाले त्याचे वेगळे पैसे घेतात, तुझा तो भाग कॉलेजातच होईल.

मी शाळेत शिकवते, प्रवेश प्रक्रियेतली अधिकारी व्यक्ती नाही. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाच. कुणी पाठवलेल्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबू नकोस, माझ्या या उत्तरावरही नको.

आणि अर्ज द्यायच्या आधी विभागात एवढं विचारून घे, की मायनरचे तास प्रत्यक्ष कोण घेणार आहे आणि पुढच्या सत्रांतही विषय चालू राहण्यासाठी किती मुलं लागतात. मुलं कमी पडत असतील तर तुझ्या वर्गातल्या बी.एड. करू इच्छिणाऱ्या मैत्रिणींना आत्ताच गाठ, सगळ्यांनी एकाच दिवशी अर्ज द्या. पाच-सहा अर्ज एकदम आले की ते फाईलमध्ये दाबून ठेवणं अवघड जातं.