पेन ड्राइव्हवर नेलेला ऑडॅसिटीचा प्रोजेक्ट उघडत नाही

दोन तासांची मुलाखत कापून-जोडून झाली, ऑडॅसिटी हा आवाज संपादनाचा प्रोग्रॅम उघडा असतानाच प्रोजेक्टची फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि दुसऱ्या संगणकावर ती उघडत नाही, हे तुमचं वाचून वाईट वाटलं. मलाही सर्वांत महाग पडलेली चूक हीच. पण अजून आशा आहे.

पहिल्या संगणकावरचं काहीही पुसू नका. ऑडॅसिटी ३.० पासून प्रोजेक्ट म्हणजे एयूपी३ (.aup3) ही एकच फाइल, असं सगळे सांगतात. ते प्रोजेक्ट बंद असतानाच खरं. एयूपी३ हा आतून एसक्यूलाइटचा डेटाबेस, म्हणजे माहिती नीट रचून ठेवणारी फाइल आहे. प्रोजेक्ट उघडा असताना शेजारी त्याच नावाची, शेवटी ‘-वॉल’ (-wal) असलेली फाइल तयार होते आणि ताजे बदल आधी तिच्यात जातात. नुसती एयूपी३ उचलली, तर ते बदल मागेच राहतात.

ऑडॅसिटी नंतर नीट बंद केली असेल, तर मूळ फाइल पूर्ण आहे. तीच पुन्हा कॉपी करा, काम झालं. मध्येच वीज गेली किंवा प्रोग्रॅम कोसळला असेल, तर वॉल फाइल अजून तिथेच असेल. आधी दोन्ही फाइलींची प्रत काढा, प्रती एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नावं बदलू नका आणि मग उघडा. बहुतेक वेळा काम परत मिळतं. डिस्कच खराब असेल तर मात्र खात्री देता येत नाही. वॉल फाइल ‘फालतू कचरा’ म्हणून पुसायचा सल्ला कुणी दिला, तर कृपया ऐकू नका.

यापुढे प्रत हवी असेल तेव्हा फाइल मेनूतल्या ‘सेव्ह प्रोजेक्ट’मधलं ‘बॅकअप प्रोजेक्ट’ वापरा. चालू काम तसंच राहतं आणि वेगळी, पूर्ण प्रत मिळते. पेन ड्राइव्हवर किंवा सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये थेट काम करणं मला तरी अजिबात मान्य नाही.

जागेचा हिशेबही बघा. ४४.१ किलोहर्ट्झ, ३२ बिट फ्लोट, स्टीरिओ (दोन चॅनेल) अशा दर्जाचं रेकॉर्डिंग म्हणजे मिनिटाला सुमारे २१ एमबी, दोन तासांचे अडीच जीबी. पूर्ण ट्रॅकवर एकदा नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करणं) चालवलं की नवे अडीच जीबी लिहिले जातात, कारण अनडूसाठी जुनं राखून ठेवावं लागतं. फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. मुलाखत एकाच माइकवर असेल तर सुरुवातीलाच मोनो (एकच चॅनेल) करा, सगळं निम्म्यावर येतं.

अंतिम प्रत २४ बिट वेव्हमध्ये (तपशील न गमावणारी ऑडिओ फाइल) एक्सपोर्ट करा आणि पाठवायची एमपी३ त्यातूनच काढा. बोलण्यासाठी मोनो ६४ केबीपीएस सहसा पुरतं. चूक सापडली तर एमपी३ उघडून कापू नका, प्रोजेक्टमध्ये दुरुस्त करून नव्याने एक्सपोर्ट करा. एमपी३मधून पुन्हा एमपी३ काढली की दर खेपेला आवाजाचा थोडा तपशील कायमचा जातो. ‘स’ आणि ‘श’ खरखरायला लागले की समजा.

मूळ रेकॉर्डिंग मात्र बॅकअपची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून सुरुवात, मधला भाग आणि शेवटचं मिनिट ऐकल्याशिवाय पुसू नका.