‘इन ओल्ड शिकागो’ या चित्रपटातील कथा कितपत खरी आहे?

हेन्री किंग यांच्या या १९३८ च्या चित्रपटातील शिकागोची आग खरी असली, तरी ओ’लिअरी बंधूंचा संघर्ष काल्पनिक आहे. पडद्यावर सचोटीचा वकील जॅक महापौर होतो आणि त्याच्या विजयासाठी डावपेच लढवणारा मद्यालयमालक भाऊ डिऑनच पुढे त्याच्या सुधारणांच्या आड येतो. प्रत्यक्षात ऑक्टोबर १८७१ मध्ये, सुमारे तीनशे बळी घेणाऱ्या आगीच्या वेळी, रॉझवेल मेसन महापौर होते. गाईने कंदील लाथाडल्यामुळे ही आग लागल्याची कथाही सिद्ध झालेली नाही. त्या गाईची मालकीण असलेल्या कॅथरिन ओ’लिअरी या गरीब आयरिश स्थलांतरित स्त्रीला शिकागोच्या नगर परिषदेने १९९७ मध्ये दोषमुक्त केले, आणि इतकी वर्षे टिकलेला तो आळ मला फार अन्यायकारक वाटतो. तरीही आईच्या भूमिकेतील ॲलिस ब्रेडी यांच्या ऑस्करविजेत्या अभिनयासाठी चित्रपट अवश्य पाहावा.