डोडो म्हणजे येडा नव्हे

प्रश्न आलाय की मॉरिशसशेजारच्या रियुनियन बेटावरच्या 'पांढऱ्या डोडो'ला मराठीत काय म्हणायचं, आणि डोडो (मॉरिशसचा, कधीच नामशेष झालेला पक्षी) हा शब्द पोर्तुगीज 'दोउदो' म्हणजे येडा यावरूनच आला ना. दुसरं आधी घेतो, कारण ते ऐकून ऐकून कान किटलेत. पोर्तुगीज मॉरिशसला डचांच्या कितीतरी आधी गेले, पण त्यांच्या लिखाणात या पक्ष्याचा उल्लेखच सापडत नाही, मग नाव त्यांनी ठेवलं कधी? सतराव्या शतकात थॉमस हर्बर्ट नावाच्या इंग्रज प्रवाशाने तसं लिहून ठेवलं आणि सगळे कोशवाले डोळे झाकून तेच उतरवत बसले. आवाजावरून नाव पडलं म्हणणाऱ्यांना तर हात जोडतो, त्या पक्ष्याचा आवाज कसा होता याची भरवशाची नोंद तरी दाखवा!

खरी मजा डच 'डोडआर्स'मध्ये आहे. 'डोड' म्हणजे झुपका आणि 'आर्स' म्हणजे, सभ्य मराठीत सांगायचं तर, बूड. पण डच लोक आजही डोडआर्स म्हणतात ते कुणाला? आपल्या टिबुकलीला! तळ्यावर टिबुकली बुडी मारताना कधी बघा, शेपूट जवळजवळ नाहीच, मागे नुसता पिसांचा फुगलेला गोळा. माझं तर ठाम मत आहे की हजारो मैल लांब आलेल्या खलाशाला डोडोच्या बुडावरचा झुपका बघून गावच्या तळ्यातली टिबुकली आठवली, बास. आमच्या आजीने राणीच्या बागेत पेंग्विन बघून "हे बदक असं उभं का?" विचारलं होतं, तसंच हे. (१५९८ ला डचांनीच ठेवलेलं आधीचं नाव 'वाल्गफोगल', म्हणजे मळमळवणारा पक्षी, कारण मांस जितकं शिजवावं तितकं चिवट.)

आणि त्याला शहामृगाचा भाऊबंद म्हणणं बंद करा. ती चूक प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ ला केली, वर १७६६ ला बावळट अशा अर्थाचं लॅटिन नावही चिकटवलं. १८४२ ला राइनहार्ट या डॅनिश प्राणिशास्त्रज्ञाने हे कबुतर आहे म्हटलं तर लोक हसले, २००२ ला डीएनएने तेच सांगितलं, जिवंत पक्ष्यांत सगळ्यात जवळचा नातेवाईक आपलं निकोबारी कबुतर.

हां, रियुनियनचं राहिलंच. तिथे डोडोचं एक हाडूक मिळालेलं नाही, मिळाली ती शराटीची (लांब वाकड्या चोचीचा पक्षी). जुनी चित्रं आणि प्रवाशांच्या गप्पा जोडून पांढरा डोडो उभा केला होता. फ्रेंच तिथल्या त्या पक्ष्याला 'सोलितेर' म्हणजे एकलकोंडा म्हणायचे, आपला पांढरा शराटी त्याच प्रजातीतला (म्हणजे जीनसमधला, जात वेगळी), तेव्हा 'एकांडा शराटी' म्हणा की सरळ.