एका सभेवरून निर्णय नको

प्रश्न : माझे पती ४४ वर्षांचे असून साखर कारखान्यात नोकरीला आहेत. दोन महिन्यांपूर्वी ते व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले आणि तेव्हापासून त्यांनी दारू घेतलेली नाही. केंद्राने त्यांना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (ए.ए.) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्पर-आधार चळवळीच्या सभांना नियमित जाण्यास सांगितले होते. ते एकदाच गेले. सभा चर्चच्या सभागृहात होती, तेथे देवाचा उल्लेख झाला, शिवाय कारखान्यातलेच एक ओळखीचे गृहस्थ समोर बसलेले दिसले. आता ते म्हणतात, ‘मी सुटलो आहे, मला गरज नाही.’ मी आग्रह धरावा का?
– एक भगिनी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, त्यांच्या मनात अडखळलेल्या तिन्ही गोष्टींची उत्तरे आहेत, आणि ती वाद न घालता एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांना सांगता येतील. चर्चचे सभागृह, शाळेचा वर्ग किंवा समाजमंदिर या केवळ सोयीने मिळालेल्या जागा असतात, ए.ए. कोणत्याही धर्माशी, पक्षाशी किंवा संस्थेशी जोडलेली नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी ती ज्या बारा पायऱ्या सांगते, त्यांमध्ये देवाचा उल्लेख जरूर आहे, पण तो ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशा शब्दांत आहे, आणि देव न मानणारी अनेक माणसे आपल्या गटालाच आधार मानून वर्षानुवर्षे या सभांना येत आली आहेत. सभासद होण्यासाठी एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडण्याची इच्छा. प्रवेश फी नसते. खर्च सभासदांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो.

ओळखीचे गृहस्थ दिसल्याचा संकोच मी मुळीच हलका मानत नाही, कारण तालुक्याच्या गावी नाव झाकून राहणे किती कठीण असते हे आपण सारे जाणतो. तरीही एवढे लक्षात घ्यावे, की ते गृहस्थही त्याच कारणासाठी तेथे आले होते आणि सभेत कोण आले, कोण काय बोलले हे बाहेर न नेण्याचा संकेत त्यांच्यावरही तितकाच बंधनकारक आहे. कदाचित पगाराच्या दिवशी, सुटीच्या पाळीनंतर मित्र बाहेर बोलावतील तेव्हा, याच माणसाचा आधार सर्वांत जवळचा ठरेल. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे या चळवळीची सुरुवातच एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीशी बोलण्यातून झाली. उपदेश करणारा डॉक्टर किंवा रडणारी पत्नी यांच्यापुढे जे कबूल होत नाही, ते स्वतः त्याच गर्तेतून आलेल्या माणसापुढे सहज कबूल होते. सभांचे सारे बळ येथे आहे.

प्रत्येक गटाची प्रकृती वेगळी असते. कुठे वयस्क अधिक, कुठे तरुण; कुठे मराठीत बोलतात, कुठे हिंदीत किंवा इंग्रजीत. म्हणून निदान चार-सहा सभा, शक्यतो दोन वेगळ्या गटांच्या, पाहिल्याशिवाय मत बनवू नये असे त्यांना सुचवा. पहिल्या दिवशी बोललेच पाहिजे असे नाही. केवळ ऐकत बसले तरी चालते. ए.ए.चे भारतातील मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे आणि तिच्या भारतीय संकेतस्थळावरून गट शोधता येतात. जवळ गट नसेल तर ऑनलाइन सभांचा पर्याय आहे. परदेशात एकटे राहणारे मराठी वाचकही तो वापरू शकतात. मात्र प्रत्यक्ष सभेनंतर चहा पिताना होणाऱ्या गप्पा तेथे मिळत नाहीत, त्यामुळे तुमच्या पतींनी महिन्यातून एकदा तरी सातारा किंवा पुणे गाठावे, असे मला वाटते.

आग्रहाबद्दल स्पष्ट सांगते : एकदा सांगा, मनापासून सांगा, आणि मग थांबा. रोजची विचारपूस त्यांना पहारा वाटेल. त्याऐवजी तुम्ही स्वतः कुटुंबीयांच्या गटात जा. १९५१ मध्ये स्थापन झालेली अल-अ‍ॅनॉन ही मद्यपींच्या नातेवाइकांची स्वतंत्र चळवळ आहे, आणि पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. नवऱ्याची दारू आपल्यामुळे लागली नाही आणि आपण ती सोडवूही शकत नाही, हे तेथे बसलेल्या बायकांच्या तोंडून ऐकताना जो भार उतरतो, तो माझ्या उत्तराने उतरणार नाही. पती सभेला जावोत वा न जावोत, तुम्ही जा. ए.ए.च्या ज्या सभा सर्वांसाठी खुल्या असतात, त्यांना तुम्ही त्यांच्यासोबतही जाऊ शकता. बंद सभा केवळ मद्यपींसाठी असतात, म्हणून आधी फोनवर विचारून घ्यावे.

प्रश्न : मी अनेक वर्षे रोज पितो. सकाळी हात थरथरतात, ते प्यायल्यावरच थांबतात. इस्पितळात न जाता आजपासून बंद करून थेट सभांना गेलो तर चालेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, आधी डॉक्टरांकडे जा. सकाळची थरथर हे शरीराला दारूची सवय जडल्याचे लक्षण आहे, आणि अशा वेळी ती एकाएकी तोडल्यास पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर भास, ताप व भ्रम होऊन जिवावरही बेतू शकते. मानसोपचारतज्ज्ञ काही दिवस औषधे व ‘बी-१’ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुरक्षित पार पाडतात. शासकीय जिल्हा रुग्णालयात चौकशी करा, अथवा व्यसनमुक्तीसाठीच्या १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनामूल्य बोला. उपचार चालू असतानाही सभेला जाता येते, तेव्हा डॉक्टरांची परवानगी घेऊन त्याच आठवड्यात पहिली सभा गाठा.