लव्हाळा असेल तर टिलर आणू नका

मेथी पेरली आणि आठ दिवसांत वाफा गवताने भरला, रोज उपटते तरी तिसऱ्या दिवशी तेवढंच, आता शनिवारी भाड्याचा पॉवर टिलर आणून जमीन एकदाची उलटीपालटी करून घेते, असं तुम्ही लिहिलंय. वाचून मला माझाच सहा वर्षांपूर्वीचा जून आठवला. टिलरवाल्याला अजून ॲडव्हान्स दिला नसेल तर थांबा.

आधी त्या गवताचा दांडा दोन बोटांत फिरवून बघा. तीन कडा बोटाला लागल्या तर तो लव्हाळा. मग न उपटता खुरप्याने बाजूची माती काढत खाली जा. वीतभर खोलीच्या आतच काळपट, बोराच्या आठळीएवढी गाठ सापडेल, आणि तिच्यापासून तारेसारखा धागा पुढच्या गाठीकडे गेलेला दिसेल. गाठ नखाने फोडली की उटण्याचा वास येतो. हा आपला नागरमोथाच.

माझा तुकडा 12 बाय 10 फुटांचा, काळ्या मातीचा. लव्हाळ्याचे फार तर वीसेक पुंजके होते. पहिला पाऊस पडून गेल्यावर ओलीतच टिलर फिरवला. माती काय भुसभुशीत झाली होती, फोटो काढले, नातेवाइकांना पाठवले! दहाव्या दिवशी पूर्ण तुकडा हिरवागार. धाग्याने जोडलेल्या गाठींची ही माळच असते. तिच्यातली पुढची गाठ वाढत असते तोवर मागच्या बऱ्याचशा झोपून असतात. माळ तुटली की त्या जाग्या होतात. आठशे रुपये मोजून मी ती माळ शंभर ठिकाणी तोडली आणि ओल्या मातीत नीट पेरून घेतली. निस्तरायला अडीच वर्षं गेली.

मधल्या काळात एका कार्यालयात गाठींसकट रोप पिशवीत घालून घेऊन गेलो. साहेबांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. माती परीक्षणाचा फॉर्म हातात दिला. दोन महिन्यांनी कागद आला, त्यात उसाला हेक्टरी किती युरिया टाकावा ते छापलेलं. 120 चौरस फुटांत ऊस! असो.

मी कृषी पदवीधर नाही, आणि कोकणातल्या तांबड्या मातीचं मला कळत नाही. माझ्याकडे चाललं ते सांगतो. एप्रिलमध्ये पाणी पूर्ण बंद करा. जमीन कोरडी झाली की पहारीने ढेकळं उचला, फोडा, गाठी हाताने वेचा आणि पत्र्यावर पंधरा दिवस कडक उन्हात वाळवा. कंपोस्टात चुकूनही टाकू नका. मग जमीन भिजवा, वाफसा आला, म्हणजे चिखल न राहता नुसती ओल उरली, की उरलेल्या गाठी फुटतील. पाच-सहा पानं व्हायच्या आत खणून काढा, दर दहा-बारा दिवसांनी. कोंब मोठा होऊ दिला की तो खाली नव्या गाठी धरतो, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना कामाला लावा.

तण दाबायला जमिनीवर अंथरतात त्या काळ्या प्लास्टिकच्या, मल्चिंग पेपरच्या भानगडीत पडू नका, लव्हाळा तो सुईसारखा भोसकून वर येतो. दुकानदार ग्लायफोसेट या तणनाशकाची बाटली पुढे करेल. ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं असा नियम केंद्राने 2022 मध्ये काढला होता, आणि घरच्या भाजीच्या वाफ्यात मी ते तसंही मारलं नसतं.

पहिल्या वर्षी त्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, कांदा नको. यांची सावली पडत नाही, आणि लव्हाळ्याला मोडते ती सावलीच. मी चवळी आणि लाल भोपळा पसरू दिला होता.

शेणखत विकत आणलंय असं लिहिलंय, ते मुठीत घेऊन बघा. गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर अजून कुजलेलं नाही. त्यातून तणाचं बी आणि मुळं खाणारी हुमणी अळी दोन्ही फुकट येतात. आणि गाठीचा फोटो टाका, खरंच लव्हाळा आहे का बघू. हरळी असेल तर तिचं सगळंच वेगळं.